स्प्रिंग उंच केली, हवेची पिशवी बसवली. पण वजन कोण पेलणार?

कापडाच्या धंद्यात माल विकण्याइतकाच माल पोहोचविण्याचा प्रश्न महत्त्वाचा असतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलेले कापड असो, सोलापूरच्या चादरी असोत, की सुरतेच्या साड्या. शेवटी तो माल कुठल्या तरी गाडीत चढतो आणि तेव्हाच त्याचे पैसे होतात. मोठे व्यापारी ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाठी टाकून मोकळे होतात. लहान आणि मध्यम व्यापाऱ्याला ते परवडत नाही. त्याचा माल थोडा, गावे अनेक, आणि आठवडे बाजाराचा दिवस ठरलेला. मग घरच्यांसाठी घेतलेली एस.यू.व्ही.च मालगाडी होते. मागच्या सीटा दुमडायच्या, तागे छतापर्यंत लावायचे आणि पहाटेच्या नमाजनंतर निघायचे.

इतका माल भरला की गाडीची मागची बाजू बसते, तोंड वर होते आणि खड्ड्यात खालून ‘धाड’ असा आवाज येतो. मालक मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री दोन इलाज सांगतो. मागे उंच स्प्रिंग टाका, किंवा पाटेवाली गाडी असेल तर एक-दोन पाटे वाढवा, हा पहिला. दुसरा इलाज हल्ली बाजारात दिसू लागला आहे, तो म्हणजे हेल्पर एअर बॅग. अपघातात स्टिअरिंगमधून फुगते ती ही एअर बॅग नव्हे. ही जाड रबराची किंवा पॉलियुरेथेनची पिशवी मागच्या स्प्रिंगच्या आत, किंवा पाटे आणि चासी यांच्या मध्ये बसते आणि तिच्यात टायरसारखी हवा भरतात. काही जण दोन्ही इलाज एकदम करून घेतात. गाडी ताठ उभी राहते आणि मालक समजतो की आता आणखी दहा तागे बसतील.

या समजुतीबद्दलच मला लिहावयाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हेल्पर एअर बॅग ही वाईट वस्तू नाही. ठरलेल्या वजनाच्या आत गाडी सरळ ठेवण्यासाठी ती चांगली आहे. पण तिच्या जोरावर ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरणे हे नुकसानीचे, बेकायदेशीर आणि आपल्या दीनच्या दृष्टीनेही गैर आहे. उंच स्प्रिंगसोबत ती बसवताना तर दुप्पट काळजी हवी.

आधी तागे मोजा

आपण व्यापारी माणसे. कापडाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, पण तो मीटरचा आणि रुपयांचा. किलोचा हिशेब कोणी करत नाही. तो करून पाहू या.

४४ इंच पन्ह्याचे, चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे साधे सुती कापड घ्या. ४४ इंच म्हणजे सुमारे १.१२ मीटर. १०० मीटरच्या ताग्याचे वजन झाले १३ किलो ४४० ग्रॅम. असे ४० तागे म्हणजे सुमारे ५३८ किलो. गाडीत ड्रायव्हर आणि सोबत एक माणूस, प्रत्येकी ७० किलो धरला तर आणखी १४० किलो. बेरीज ६७८ किलो.

आता गाडीकडे पाहा. सात माणसांची गाडी म्हणजे ७० किलोप्रमाणे ४९० किलो माणसे आणि वर थोडे सामान. अशा गाडीची वाहून नेण्याची ताकद, ड्रायव्हर धरून, साधारण पाचशे ते सहाशे किलोच्या घरात असते. नेमका आकडा काढणे अवघड नाही. कंपनीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते आणि आर.सी. बुकावर रिकाम्या गाडीचे. एकातून दुसरे वजा करा. उरेल तीच तुमची हद्द.

यात आणखी एक मेख आहे. सात माणसे बसतात तेव्हा दोन पुढे, तीन मध्ये आणि दोन मागे बसतात. वजन दोन्ही एक्सलवर वाटले जाते. तागे मात्र सगळे मागे लागतात. म्हणून एकूण वजन हद्दीत असले तरी मागच्या एक्सलवर हद्दीबाहेर जाऊ शकते. शिवाय जेवढे वजन मागच्या चाकांच्याही मागे जाते, तेवढे पुढचे तोंड हलके होते. स्टिअरिंग हलके लागू लागते आणि वळणावर गाडी पुढून सरकते.

उंच स्प्रिंगने काय होते, काय होत नाही

स्प्रिंग उंच असणे आणि स्प्रिंग कडक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, ५०० किलो भरल्यावर तुमची गाडी मागून ८ सेंटिमीटर बसते. तुम्ही तेवढ्याच कडकपणाची, पण ५ सेंटिमीटर उंच स्प्रिंग टाकली. ५०० किलो भरल्यावर गाडी पुन्हा ८ सेंटिमीटरच बसणार. फरक इतकाच की पूर्वी ती रिकाम्या उंचीपेक्षा ८ सेंटिमीटर खाली दिसायची, आता ३ सेंटिमीटर खाली दिसते. डोळ्याला बरे वाटते. ताकद एका किलोनेही वाढलेली नसते. स्प्रिंगखाली चकती किंवा रबरी ठोकळा टाकून केलेली उंचीही याच प्रकारातली.

कडक स्प्रिंग टाकली तर गाडी कमी बसेल, हे खरे. पण परतीच्या प्रवासात गाडी रिकामी असते. तेव्हा तीच स्प्रिंग गाडीला उडवते, पावसाळी रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटते आणि मागे बसलेल्या घरच्या मंडळींची कंबर मोडते.

उंचीचे इतर परिणाम मिस्त्री सहसा सांगत नाही. शॉकअब्सॉर्बरला खाली-वर होण्यासाठी ठरावीक जागा दिलेली असते. गाडी कायमची उंच झाली की तो आधीच ताणलेला राहतो आणि चाक खड्ड्यात उतरताच शेवटच्या टोकाला आदळतो. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. ज्या गाड्यांत मागच्या एक्सलला आडवा दांडा असतो, त्यांत एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बदलतो. आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलण्याचा धोका वाढतो. छतापर्यंत तागे लावलेल्या गाडीत हा धोका आणखी मोठा.

हवेच्या पिशवीचे गुण आणि मर्यादा

हेल्पर एअर बॅगचा धंदा जुना आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील लॅन्सिंग शहरातली एअर लिफ्ट ही कंपनी १९४९ पासून या कामात आहे. टायर बनविणाऱ्या फायरस्टोन कंपनीच्याही अशा पिशव्या निघतात. स्प्रिंगवाल्या गाडीसाठी वेगळ्या, पाटेवाल्या गाडीसाठी वेगळ्या. स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या साध्या पिशवीत कमीत कमी ५ पौंड आणि जास्तीत जास्त ३५ पौंड हवा ठेवण्याची सूचना असते. एअर लिफ्टची अशी जोडी सुमारे ४५० किलोपर्यंतचे वजन सावरू शकते, असे ती कंपनी सांगते.

हा आकडा ऐकला की आपले व्यापारी डोळे चमकतात. साडेचारशे किलो म्हणजे आणखी तेहतीस तागे! पण तीच कंपनी त्याच कागदावर असेही लिहिते की गाडीच्या ठरलेल्या कमाल वजनापलीकडे कधीही जाऊ नये. याचा अर्थ सरळ आहे. पिशवी स्प्रिंगला हात देते. ती एक्सलला, बेअरिंगला, टायरला, ब्रेकला आणि चासीला हात देत नाही. साखळीतली एक कडी जाड केली म्हणून उरलेल्या कड्या जाड होत नाहीत.

टायरचेच पाहा. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो. ९७ असेल तर तो टायर ७३० किलो पेलतो, १०० असेल तर ८०० किलो, १०४ असेल तर ९०० किलो. तेही हवा पूर्ण असताना. पिशवीत कितीही हवा भरा, हा आकडा बदलत नाही.

चासीची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. पाटेवाल्या गाडीत वजन पाट्यांच्या दोन टोकांतून चासीवर दोन ठिकाणी वाटले जाते. कंपनीने चासी त्याच हिशेबाने बनविलेली असते. पिशवी मात्र एक्सलच्या बरोबर वर, चासीच्या मध्यावर, एकाच जागी खालून रेटते. मागे टोकाला जड माल लटकत असेल आणि गाडी जोरात आदळली, तर त्या जागी चासी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात डबल केबिनच्या पिकअप गाड्यांबाबत असे प्रकार घडले असून तेथे यावर बरीच चर्चा झालेली आहे. स्प्रिंगवाल्या गाडीत वजन मुळातच त्या जागी येत असल्याने हा धोका कमी असतो, पण मागच्या टोकाला लटकणाऱ्या वजनाचा नियम तिलाही लागू आहे.

दोन्ही एकदम बसवताना

उंच स्प्रिंगच्या आत साध्या मापाची पिशवी बसविली तर ती तोकडी पडते. चाक खड्ड्यात उतरले की स्प्रिंग लांब होते, पिशवी सैल पडते, जागेवरून सरकते आणि पुढच्याच दणक्याला स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये चिमटून फाटते. म्हणून चांगल्या कंपन्या उंच केलेल्या गाडीसाठी वेगळ्या मापाची पिशवी किंवा खाली-वर ठेवण्याचा ठोकळा देतात. मिस्त्रीने ‘हीच बसते’ असे म्हटले तरी मान्य करू नये. चाके लोंबकळत ठेवून आणि गाडी जमिनीवर उभी करून, अशी दोन्ही मापे घ्यावयास लावावीत.

दुसरी गोष्ट. अनेक गाड्यांत स्प्रिंगच्या आत एक रबरी ठोकळा असतो. गाडी फारच दबली तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तो असतो. पिशवीला जागा करण्यासाठी तो कापतात किंवा काढतात. मग रात्रीच्या वेळी घाटात पिशवीची हवा गेली, तर खाली काहीच उरत नाही.

तिसरी गोष्ट. दोन्ही पिशव्यांची नळी एकत्र जोडू नये. जोडली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी आणखीनच कलते. दोन बाजूंना दोन वेगळे व्हॉल्व्ह ठेवावेत. पिशवी आणि नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर असावी. उष्णतेने दोन्ही वितळतात.

चौथी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण ती ब्रेकची आहे. ए.बी.एस. येण्याआधीच्या अनेक एस.यू.व्ही. आणि पिकअप गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. एक्सल आणि चासी यांच्यातले अंतर तो एका दांड्याने ओळखतो. अंतर कमी झाले म्हणजे माल भरला असे समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, म्हणून दाब कमी. आता गाडी तुम्ही स्प्रिंगने उंच केली आणि माल भरल्यावर हवेने पुन्हा वर उचलली. व्हॉल्व्हला वाटते की गाडी रिकामी आहे! पाठीवर सातशे किलो आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. कसारा घाट किंवा सुरत-धुळे रस्त्यावरील कोंडाईबारी घाट उतरताना पुढचे ब्रेक तापले तर पायाखाली काय उरते, याचा विचार प्रत्येकाने करावा. उंची बदलली की हा व्हॉल्व्ह जाणकार वर्कशॉपमधून पुन्हा जुळवून घेतलाच पाहिजे.

कायदा आणि विमा

‘आपलीच गाडी, आपलाच माल, कोण विचारतो?’ असे म्हणणाऱ्यांनी कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे, मालासाठी बनविलेली नसलेली गाडीही माल वाहण्यासाठी वापरली की ती मालवाहू गाडीच्या व्याख्येत येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरविण्याचा खर्चही मालकाचा. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरविते, पण तडजोड होईपर्यंत माल आणि बाजाराचा दिवस दोन्ही हातचे जातात. त्याच दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निकाल दिला आहे. म्हणून स्प्रिंग किंवा पिशवीला हात लावण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

विम्याचे कलम तर आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक तीत बसत नाही. म्हणजे चार नमुन्याचे तागे ठीक. चाळीस तागे नव्हेत. अपघात झाला, गाडीत बदल आढळला, वजन जादा निघाले आणि वर मालही निघाला, तर दावा कोणत्या तोंडाने मागणार?

‘परवडत नाही’ या म्हणण्याला उत्तर

व्यापारी बांधव दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की कंपनी नेहमी थोडी सूट ठेवूनच वजन ठरविते. सूट असते हे खरे. पण ती खड्ड्यासाठी, जोरात ब्रेक लावण्यासाठी, अचानक वळण्यासाठी ठेवलेली असते. ती आपण तागे भरून आधीच खर्च केली, तर खड्डा आल्यावर काय द्यायचे? कापडवाला आकसण्यासाठी जादा कापड ठेवतो, ते विकून टाकण्यासाठी नव्हे. शिवाय २०१८ मध्ये सरकारने दोन एक्सलच्या ट्रकचे कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केले, याचाही दाखला देतात. ती सवलत मोठ्या मालवाहू गाड्यांची आहे. तिचा घरगुती गाडीशी काही संबंध नाही.

दुसरा युक्तिवाद भाड्याचा. टेम्पोचे भाडे परवडत नाही. याचाही हिशेब करावा. समजा एका फेरीचे भाडे ४,००० रुपये आहे. कायद्यातला एक दंड म्हणजे पाच फेऱ्यांचे भाडे. यात टायर, बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर आणि जास्त डिझेल धरलेले नाही. दोन-तीन व्यापाऱ्यांनी एकाच दिशेचा माल एकत्र करून एक टेम्पो ठरविला, तर प्रत्येकाचा वाटा आणखी कमी होतो. नियमित माल असेल तर छोटा हत्ती किंवा पिकअप अशी मालासाठीच बनविलेली, माल म्हणूनच नोंदलेली आणि विमा उतरविलेली गाडी घेणे हाच दूरदृष्टीचा सौदा आहे. आपल्या पेठेत भागीदारीची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुकानात भागीदारी चालते, मग गाडीत का चालू नये?

ज्यांचा माल हद्दीतच आहे, पण मागे जड पडतो, त्यांनी पिशवी जरूर बसवावी. मात्र तेव्हा स्प्रिंग कंपनीचीच राहू द्यावी. आधी भरलेली गाडी धर्मकाट्यावर चढवावी. एकदा पूर्ण, एकदा फक्त मागची चाके. जड तागे खाली आणि पुढच्या सीटच्या पाठीला लागून, हलका माल वर आणि मागे, अशी मांडणी करावी. गाडी सरळ होईल एवढीच हवा भरावी, त्याहून जास्त नाही. माल उतरला की हवा ५ पौंडांवर आणावी, पण पूर्ण रिकामी करू नये. दर आठवड्याला टायरबरोबर पिशव्यांची हवाही तपासावी.

ओझ्याचा हिशेब

शेवटी एक गोष्ट. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एका उंटाची हकीकत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारी सहाबीच्या बागेत गेले असता तेथील उंट त्यांना पाहून व्याकूळ झाला. प्रेषितांनी त्याला कुरवाळले, मालकाला बोलावले आणि या मुक्या जनावराबाबत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. उंटाची तक्रार अशी होती की मालक त्याला उपाशी ठेवतो आणि राबवून थकवतो.

गाडी लोखंडाची आहे. तिला वेदना होत नाहीत. पण तिच्यात बसलेला ड्रायव्हर, ताग्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेला हमाल, आणि समोरून मोटारसायकलवर मुलांना घेऊन येणारा अनोळखी माणूस यांना वेदना होतात. ते आपल्याकडे अमानत आहेत. ड्रायव्हर पगारी असला तरी ‘एवढा माल मी नेणार नाही’ असे म्हणण्याची हिंमत त्याला होत नाही, कारण त्याची रोजी आपल्या हातात असते. म्हणून ते मालकानेच म्हणावयास हवे.

माप-तोलात कमी देणाऱ्याला कुरआनने कडक इशारा दिला आहे आणि आपण गज आणि तराजू सांभाळून वापरतो. गाडीवरचे ओझेही एक तोलच आहे. फरक इतकाच की येथे कमी देणे नव्हे, तर जास्त घालणे हा गुन्हा आहे. पुढच्या बाजाराला निघण्याआधी आपल्या व्यापारी बांधवांनी एकदा गाडी धर्मकाट्यावर चढवावी आणि पावती हातात घेऊनच मिस्त्रीकडे जावे. त्या कागदावरचा आकडा हद्दीत असेल तर पिशवी बसवावी. नसेल तर तागे उतरवावेत. बरकत अल्लाहच्या हातात आहे, दहा जादा ताग्यांत नाही.